अकरा दिवसांची पोटभरणी

भिंतीवर पाल दिसली की माझी मोठी जाऊ ऊर्मिलाताई केरसुणी घेऊन धावायची. पाल चुकून कुणाच्या अंगावर पडलीच, तर त्या माणसाला डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय ती कशाला हात लावू देत नसे. त्याच बाईनं पुढे एका पालीला मांडीवर घेतलं, तिचं नाव सोनी ठेवलं, आणि ती मेली तेव्हा दोन दिवस ताटावर बसली नाही. सोनी माझ्यामुळे मेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कुणी माझी बाजू घ्यायला नको.

मी मोनाली पिसाळ. वाईत आमचं दोन मजली घर आहे. वर ताई आणि भावजी, खाली मी आणि माझा नवरा, स्वयंपाक मात्र एकत्र, खालीच. लग्न होऊन आले त्याच दिवशी ताईनं बजावलं होतं, "मला अहो-जाहो करशील तर जेवायला वाढणार नाही." तेव्हापासून आमचं अगं-तुगं. तिचा आवाज म्हणजे गल्लीचा भोंगा. गच्चीवरून हाक मारली की दोन गल्ल्यांपलीकडचा भाजीवाला गाडी वळवायचा. आणि नाक असं तिखट, की वरून ओरडायची, "मोने, हिंग विसरलीस!" मी खरंच विसरलेली असायचे.

मग तिला न्यूमोनिया झाला. एकतीस दिवस व्हेंटिलेटरची नळी घशात होती. जीव वाचला, पण नळी जिथे घासत होती तिथे श्वासनळी आतून आकसून गेली. शेवटी गळ्याला पुढून भोक पाडलं आणि ताई त्यातून श्वास घेऊ लागली. हवा घशातून वर येईना म्हणून आवाज गेला, नाकातून आत जाईना म्हणून वासही गेला. भावजींनी ओठांवरून शब्द ओळखून बोलून दाखवणारा फोन आणला. तो 'मोने'च्या जागी 'मोनाली' म्हणायचा, तेही बँकेतल्या बाईच्या आवाजात. ताईनं तो दोन दिवसांत उशीखाली टाकला आणि माळ्यावरून मुलांची जुनी पाटी काढली.

दोन वर्षं पाटीवर गेल्यावर साताऱ्याच्या संशोधन केंद्रातून बोलावणं आलं.

पालीची शेपटी तुटते आणि परत येते हे आपण लहानपणापासून बघतो. परत येते ती मात्र पहिल्यासारखी नसते. जुन्या शेपटीत मणके असतात, नवीत त्यांच्या जागी कूर्चेची एक सलग नळी तयार होते. कूर्चा म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यात असतं ते लवचीक हाड. आपली श्वासनळीही कूर्चेच्याच कड्यांवर उघडी राहते. केंद्रातल्या लोकांनी ह्या दोन गोष्टी जुळवल्या होत्या. रुग्णाच्या बरगडीतून मसुराएवढी कूर्चा काढायची, तिच्या पेशी वाढवायच्या, आणि त्या परक्या पेशी नाकारणार नाही अशा, जनुकं बदललेल्या पालीच्या शेपटीच्या तुटल्या जागी सोडायच्या. तीन महिन्यांत शेपटी वाढते, पण आतली नळी पालीची नसते, त्या माणसाची असते. बाहेरून तिच्यावर कॅल्शियमचा पातळ थर चढला की ती ताठ राहते. मग ती काढून, उभी चिरून, पसरून श्वासनळीच्या आकसलेल्या भागाला ठिगळ लावायचं.

शंभर पाली एका खोलीत ठेवल्या तर त्या घाबरून राहतात आणि शेपट्या लुळ्या येतात. घरात माणसांच्या हाताला सरावलेल्या पालींच्या शेपट्या चांगल्या येतात. म्हणून ज्याची पाल त्यानं सांभाळायची, असा नियम होता. आमच्याकडे वीतभर लांबीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली सोनी आली, आणि तिच्या मागोमाग एका मोठ्या टोपात दोनशे रातकिडे.

"पाल जिवंत, हलणारंच खाते," केंद्राच्या डॉक्टर फरझाना मुल्ला मला समजावत होत्या. पाल ताईची असली तरी रातकिड्यांचं काम मी अंगावर घेतलं होतं. "पण नुसत्या रातकिड्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. म्हणून पालीपुढे टाकायच्या आधी चोवीस तास त्याला आम्ही दिलेला चारा पोटभर खायला घालायचा. मोनालीताई, रातकिडा हा नुसता डबा आहे. तुम्ही डब्यात जे भराल ते हिच्या शेपटीत जाणार, आणि तिथून ऊर्मिलाताईंच्या गळ्यात."

केंद्रातली मुलं ह्याला पोटभरणी म्हणायची. अंड्याचे पुठ्ठे टोपात उभे रचायचे, त्यांच्या खाचांत रातकिडे बसायचे. पाण्याला ओला कापूस, कारण वाटीत ते बुडून मरतात. एका कोपऱ्यात चाऱ्याची चिमूट. सकाळी पोट टम्म झालेले आठ रातकिडे चिमट्यानं उचलून सोनीच्या पेटीत. ती पेटी मोठी हुशार होती. ऊब राखायची, सोनीनं किती रातकिडे खाल्ले ते मोजायची, तिचं वजन करायची, आठवड्याला शेपटीच्या आतलं चित्र काढून साताऱ्याला पाठवायची. फक्त आमचा टोप तिला दिसत नव्हता. म्हणून रोज सकाळी ती विचारायची, 'पोटभरणी झाली का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

एकदा मी विसरले आणि प्रामाणिकपणे 'नाही' दाबलं. पाच मिनिटांत केंद्रातून फोन आला. पुन्हा असं झालं तर पाल इकडे परत आणावी लागेल, असं सांगितलं. ताई शेजारीच उभी होती. तिनं पाटीवर लिहिलं, 'माझ्या सोनीला नेऊ देऊ नकोस.' तोवर सोनी तिच्या मनगटावर चढून झोपू लागली होती. ज्या बाईचं बोलणं बंद झाल्यापासून शेजारणींचं येणं कमी झालं होतं, तिला न बोलणारी सोबत मिळाली होती. मी हसून म्हटलं, "मी आहे ना."

श्रावणात माझ्या भाचीची पहिली मंगळागौर होती, साताऱ्याला. मी घाईत चारा घातला, आठ रातकिडे वेगळे काढून ठेवले, ते पेटीत सोडायचं ताईला सांगितलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी फुगड्यांनी कंबर धरलेल्या अवस्थेत परत आले तर चाऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं, डबा खिडकीखाली, आणि खिडकीतून रात्रभर पावसाची झड आत आलेली. चाऱ्याचा गोळा झाला होता आणि त्यावर हिरवी बुरशी. कुबट वास दारापर्यंत येत होता. ताई त्याच खोलीत बसून शेंगा सोलत होती. तिला वास येत नव्हता.

नवा डबा यायला अकरा दिवस होते. केंद्राला फोन केला असता तर त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवला असता. मी केला नाही. ते सोनीला नेतील ही भीती होती, हे खरं. पण दुसऱ्यांदा बोलणी खायची माझी तयारी नव्हती, हेही तितकंच खरं. शिवाय माझ्या अंगात एक मस्ती आहे. पालेभाजीतलं मला कुणी शिकवावं असं मला वाटत नाही. पालेभाजीत कॅल्शियम असतं हे तर ताईच्या आजारपणात डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि धुण्याच्या दगडामागे अळू माजलेलं होतं.

रातकिड्यांनी कच्च्या अळूला तोंड लावलं नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं, त्यांनाही खाजतं म्हणून. मग मी मला येत होतं ते केलं. पानं वाफवली, चिंचेचा कोळ लावला, चवीला गुळाचा खडा घातला. सकाळी बघते तर पानांच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या. माझ्या हाताचं अळू किड्यांनीही चाटूनपुसून खाल्लं ह्याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

'पोटभरणी झाली का?' पेटीनं विचारलं. झाली होतीच की. मी 'हो' दाबलं. असं अकरा वेळा.

त्या अकरा दिवसांत मी रोज अळू वाफवत होते आणि ताई चार हातांवर बसून सोनीशी खेळत होती. एरवी तिनं गच्चीवरून विचारलं असतं, "मोने, रोज रोज अळू कुणासाठी गं?" नव्या डब्याबरोबर मी पुन्हा चाऱ्यावर आले आणि सगळं विसरूनही गेले.

तीन आठवड्यांनी सोनीचे मागचे पाय थरथरू लागले. तिला मनगटावर चढता येईना. रातकिडा पकडला की जबडा वाकडा व्हायचा आणि तो निसटायचा. पेटीनं काढलेलं चित्र बघून डॉक्टर मुल्ला स्वतः वाईला आल्या. त्यांनी सोनीला ओंजळीत घेऊन शेपटी हलकेच दाबली. शेपटी दबली ती दबलेलीच राहिली.

"नळी वाढली आहे, पण मऊ आहे. श्वासाबरोबर मिटेल," त्या म्हणाल्या. "कॅल्शियम चढलंच नाही. ज्या आठवड्यांत चढायला हवं होतं तेव्हाच गेलं कुठेतरी. उलट हिनं स्वतःच्या हाडांतलं काढून दिलंय. दोनच कारणं असू शकतात. एक तर चारा, नाहीतर ह्या पेशींनाच कॅल्शियम धरता येत नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "चाऱ्याची नोंद रोज 'हो' आहे. एकही दिवस चुकला नाही ना, मोनालीताई?"

ताई माझ्याकडे बघत होती. भावजी बघत होते. मला अळू आठवलं. त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं, पण तेव्हा लख्ख आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

"मग पेशीच," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना ते सांगताना त्रास होत होता. "ऊर्मिलाताईंच्या पेशींचा आणखी एकच साठा आमच्याकडे गोठवलेला आहे. पण पेशीच अशा असतील तर पुन्हा हेच होणार. सोमवारी समिती बसते. यादीतून नाव काढावं लागेल असं मला वाटतं. गळ्याचं भोक मग कायमचंच."

त्या गेल्यावर ताईनं पाटी ओढली. 'माझंच अंग दळभद्री,' असं लिहिलं. भावजी तिच्यावर चिडले, पाटी पुसली. तिनं परत तेच लिहिलं. मी आत जाऊन कुकर लावला.

तो गुरुवार होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी गप्प बसले. ह्या तीन दिवसांबद्दल मला स्वतःची सर्वांत जास्त लाज वाटते. डबा उघडा राहिला ती चूक होती. अळू घातलं तो शहाणपणा होता, दीडशहाणपणा म्हणा. पण ह्या तीन दिवसांत मला सगळं ठाऊक होतं, तिचं सगळं आयुष्य कशावर अडलंय तेही ठाऊक होतं, आणि मी पोळ्या लाटत होते. घरात आपल्याला काय म्हणतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. ताई वरच्या खोलीत आरशापुढे बसून स्वतःच्या गळ्याकडे बघायची. एकदा मी चहा घेऊन गेले तर ती स्वतःच्या बरगडीवर, कूर्चा काढली होती तिथे, चापट्या मारत होती. मी कप ठेवून खाली आले.

रविवारी सकाळी सोनी पेटीच्या कोपऱ्यात मेलेली सापडली. ताईनं तिला आपल्या जुन्या चोळीच्या खणात गुंडाळलं. मागच्या अंगणात, जास्वंदीखाली भावजींनी खड्डा केला. ताई खाली बसली, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी खड्ड्याकडे तोंड करून धरली. सोनीला वाचता येत असावं तशी. मी मागे उभी होते, मला दिसलं. लिहिलं होतं, 'माझ्यामुळे गेलीस गं बाळ. माफ कर.'

मी तिथूनच न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि डॉक्टर मुल्लांना फोन लावला.

त्या ओरडतील म्हणून मी इतके दिवस घाबरले होते. त्या ओरडल्या नाहीत. कोणती पानं, किती दिवस, कच्ची की शिजवलेली, एवढंच विचारत गेल्या. मी चिंचेचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

"अळूत ऑक्झलेट असतं," मग त्या म्हणाल्या. "ते कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगात शोषूच देत नाही. चिंचेनं आपल्या घशाची खाज जाते, ऑक्झलेट जात नाही. तुम्ही चिंच लावली म्हणून रातकिड्यांनी ते खाल्लं. नसती लावली तर ते उपाशी राहिले असते, रोडावले असते, पालीचं वजन घटलं असतं आणि पेटीनं आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळवलं असतं."

म्हणजे माझ्या हाताला चव नसती तर सोनी वाचली असती.

"समितीला मी सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "पेशी चांगल्या आहेत, दुसरा साठा वापरता येईल. ह्या वेळी भरलेले रातकिडे आम्हीच पाठवू, तुम्ही चारा घालायचा नाही. आणि ऊर्मिलाताईंना हे कुणी सांगायचं, मी की तुम्ही?"

"मी सांगते," मी म्हटलं.

बाहेर आले. ताई ओट्यावर बसली होती, हाताला माती तशीच. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, तुझ्या पेशी चांगल्या आहेत. डॉक्टरांचा फोन झाला. तो चाऱ्याचा डबा खराब निघाला होता."

शब्द बघा कसे निवडले. डबा खराब झालाच होता. कुणी केला एवढंच मी सांगितलं नाही. तिनं लिहिलं, 'तू शोधून काढलंस?' मी मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाच माहीत नाही, पण तिनं ती होकारार्थी घेतली. मातीच्या हातांनी तिनं माझं तोंड कुरवाळलं आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. गळ्याच्या भोकातून तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

दुसरी पाल आली. तिचं नाव ताईनं माझ्यावरून मोनी ठेवलं.

साताऱ्याहून रोज सीलबंद डबीत आठ भरलेले रातकिडे येत. ताई भावजींना लिहून दाखवायची, 'बघा, आता कसे सुधारले. मोनानं त्यांचं पितळ उघडं पाडलं.' घरी आलेल्या प्रत्येकाला ती हे लिहून दाखवायची. चार महिने. मी दर वेळी चहा टाकायला आत जायचे. नवऱ्यानं एकदा विचारलं, "तुझं कौतुक चाललंय आणि तू पळतेस का गं?" मी म्हटलं, "दूध उतू जाईल."

मोनीची शेपटी ताठ आली. माघात शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी गळ्याचं भोक शिवलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, "बोला." ताईनं आधी खाकरून बघितलं. मग घोगऱ्या, खरखरीत आवाजात, जसा काही मधला सगळा काळ गेलाच नव्हता, ती म्हणाली, "मोने, डोळे पूस. मेली नाही मी." सगळे हसले, भावजी तर हसता हसता खालीच बसले. मी डोळे पुसले.

शेपटी दिलेल्या पाली केंद्र घरीच राहू देतं. मोनी आमच्याकडेच राहिली, तिला तिची तिसरी शेपटी फुटू लागली. रातकिड्यांचा टोप पुन्हा घरी आला आणि चारा घालायचं काम, कुणी न सांगता, माझ्याकडे आलं. डॉक्टरांना वाटत होतं ताईला सगळं माहीत आहे. ताईला वाटत होतं माझ्याइतकं ह्यातलं कुणाला कळत नाही.

एका सकाळी मी फोडणी देत होते. वरून आवाज आला. पूर्वीचा भोंगा नव्हता, पण आला.

"मोने! हिंग घातलास आज!"

जिन्यावरून ती जवळजवळ धावतच खाली आली. ओट्याशी उभी राहून नाकानं भरभरून श्वास घेत होती. हिंग, कढीलिंब, ओली फरशी, माझ्या पदराचा साबण, एकेकाचं नाव घेत होती. मग माझा हात धरून म्हणाली, "ऐक. आज मला तुझ्या हातचं अळूचं फदफदं पाहिजे. तीन वर्षं वास नाही मिळाला मला त्याचा. चिंच सढळ घाल."

मी नाही कसं म्हणणार? दगडामागून पानं खुडून आणली. देठी सोलल्या, डाळ-दाणे घातले, चिंच कोळली. वाफ घरभर झाली आणि ताई पाटावर लहान मुलासारखी वाट बघत बसली. मी तिला वाढलं. तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले.

"ताई," मी म्हटलं, "सोनीला मी मारलं."

मग सगळं सांगितलं. उघडं झाकण, बुरशी, अकरा दिवस, अकरा वेळा दाबलेलं बटण. वाफवलेली पानं आणि चिंच. डॉक्टरांना 'एकही नाही' म्हटलं ते. ते तीन दिवस. खड्ड्यापाशी तिनं पाटीवर लिहिलेलं मी वाचलं होतं ते. खराब निघालेला डबा. मी काहीही सोडलं नाही, कारण अर्धवट सांगण्यात मी किती पटाईत आहे हे मला आता कळलं होतं.

ताई ऐकत राहिली. आधी मला वाटलं पाटी शोधते आहे, मग आठवलं की तिला आता पाटी लागत नाही. ती बोलू शकत होती. बोलली नाही. ताटात वाढलेलं तिनं सगळं संपवलं, अन्न टाकायची तिला सवय नाही. ताट धुतलं, पालथं घातलं, पदराला हात पुसले.

"मी अंगाला बडवत होते," मग ती म्हणाली. "आणि तू चहाचा कप ठेवून गेलीस."

एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, केलं नाही असंही म्हणाली नाही. भावजींना तिनं आजवर काही सांगितलेलं नाही. आम्ही एकत्र स्वयंपाक करतो, बाजारात जातो, ती माझ्याशी नीट बोलते.

फक्त दुसऱ्या दिवसापासून रातकिड्यांचा चारा ती स्वतः घालते. डब्याचं झाकण दोनदा दाबून बघते, आणि पेटीनं विचारलं की स्वतःच्या बोटानं 'हो' दाबते. मी टोपाजवळ गेले तर मागे न बघता म्हणते, "राहू दे."

आवाज तिचा अगदी पहिल्यासारखा झालाय, असं सगळे म्हणतात.